भावाचा योद्धा

तिचं नाव मला आजही माहीत नाही. अंबाजोगाईच्या कॉम्प्युटर दुकानात तीही गिऱ्हाईक म्हणूनच आली होती. मी गेममध्ये ढीगभर मॉड, म्हणजे लोकांनी बनवलेले जादा भाग, टाकले होते आणि गेम उघडेचना. त्यात माझ्या वारलेल्या भावानं घडवलेला योद्धा होता. हे मी तिला सांगितलं.

“सगळे एकदम कशापायी टाकले?” म्हणत तिनं बाह्या वर सारल्या. सगळे मॉड काढले, मग एकेक टाकून दरवेळी गेम चालवून पाहिला. चेहऱ्यावर कंटाळा नाही. दोन मॉडचं आपसात जमत नव्हतं. त्यातला एक तिनं काढला.

पडद्यावर योद्धा उभा राहिला. मी पडद्यावर त्याला बोट लावलं.

“ह्याला नवं चिलखत चढवू?” तिनं विचारलं. माझ्याकडं पाहून स्वतःच म्हणाली, “नको. त्यांनी ठिवलाय तसाच लई चांगला हाय.”