पगाराच्या शुक्रवारी लागलेला निकाल

वानखेडे भाऊंनी सकाळी अख्ख्या फ्लोअरला तर्री-पोहे खाऊ घातले आणि दुपारी आमच्या सगळ्यांच्या नोकऱ्या टांगणीला लागल्या.

पोहे कशाचे, तर ब्रिटननं युरोपियन युनियनमधून बाहेर पडायचं ठरवलं त्याचे. निकाल टीव्हीवर येत होता. भाऊ माझ्या टीममधले, वेगळ्या विदर्भाचे जुने समर्थक. इंग्लंडचं त्यांना काही सोयरसुतक नव्हतं, पण कोणीतरी मत टाकून वेगळं होतंय याचाच त्यांना कोण आनंद!

"मॅडम, पाहून राहिल्या का? एवढा मोठा देश मत टाकून बाहेर निघू शकते, तर आपण काहून नाही?"

"भाऊ, आपला क्लायंट तिथलाच आहे," मी म्हटलं.

"मंग? त्याच्यासाठी तर चांगलंच झालं न!"

आमचं काम पेरोलचं. म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या कामगारांचे पगार काढून द्यायचे. इंग्लंडातल्या एका लहान गावात भाजी धुऊन पाकिटात भरायचा कारखाना होता. तिथे पगार दर शुक्रवारी. हजेरी नागपुरात यायची, ओव्हरटाइम, टॅक्स, सुट्ट्या आम्ही लावायचो, आणि शेवटची तपासणी तिथल्या ऑफिसात बसलेली मार्ता करायची. तिनं अप्रूव्ह केल्याशिवाय एकाचाही पगार जात नसे. मार्ता मूळची पोलंडची, चुका काढण्यात वस्ताद. आमची पोरं तिला मागून 'सासूबाई' म्हणायची.

त्यांचं ऑफिस उघडलं की रोज आमचा कॉल व्हायचा. त्या दुपारी मार्ताच्या जागी तिचा साहेब कॉलिन दिसला. फायनान्स हेड. एरवी टायशिवाय न दिसणारा हा माणूस दाढीही न करता बसला होता. तो बोलला इंग्रजीत, मी मराठीत सांगते.

"पौंड कोसळलाय. बोर्डानं सगळं फ्रीझ केलंय. बाहेर दिलेल्या प्रत्येक कामाचा सोमवारी रिव्ह्यू होईल."

"आमच्याही?"

"प्रत्येक, सुनंदा."

रिव्ह्यू म्हणजे डॉक्टरनं रिपोर्ट बघून नुसतं 'हं' म्हणण्यासारखं. त्यात चांगलं काही नसतं.

"आजचा पगार?"

"तो जाईल. मार्ता बघतेय."

विचारायला नको होतं, पण तोंडातून निघूनच गेलं. "असं होईल असं वाटलं होतं का तुम्हाला?"

"मी स्वतः लीव्हला, म्हणजे बाहेर पडायलाच मत दिलं," कॉलिन म्हणाला. "आमचे कायदे आमच्या पार्लमेंटनं करावेत, ब्रसेल्समधल्या युनियननं नाही, एवढंच माझं म्हणणं होतं." मग त्यानं चष्मा काढला. "पण आम्ही जिंकू असं वाटलं नव्हतं."

एक जादा कीबोर्ड मागितला तर तीन सह्या लागतील म्हणणारा हा माणूस. देश बाहेर काढताना मात्र पुढे काय, हे त्यानं स्वतःलाही विचारलं नव्हतं.

भाऊ माझ्या मागेच उभे होते. ते एका बंद पडलेल्या गिरणीच्या टाइम ऑफिसातून, म्हणजे कामगारांच्या हजेरीच्या कामावरून, आमच्याकडे आलेले, पन्नाशी कधीच उलटलेली. हळूच म्हणाले, "मॅडम, मले आता कोण ठेवते?"

शहराबाहेर बेसाला घेतलेल्या फ्लॅटचे हप्ते माझ्याही डोक्यावर होते. शनिवारी कामानं इतवारीत गेले, तर सराफाच्या दुकानातही इंग्लंडच. रातोरात सोनं चढलं होतं आणि घेणारा आणि विकणारा दोघंही एकमेकांकडे संशयानं बघत होते. तिकडे कुठल्याशा गावात लोकांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि इकडे इतवारीत भाव हलला, हे माझ्या काही केल्या पचनी पडेना.

सोमवारी कॉल स्पीकरवर घेतला. सगळी टीम भोवती गोळा झालेली. कॉलिननं कागद बघून वाचल्यासारखं सांगितलं. खर्च कमी करायचा आहे. नागपूरचं काम सुरू राहील. उलट इंग्लंडातला पेरोल डेस्क बंद करून तपासणीही नागपूरलाच द्यायचं ठरलं आहे. पुढच्या महिन्यात केटी करून घ्या.

केटी म्हणजे जाणाऱ्यानं येणाऱ्याला आपलं काम शिकवून जाणं. पण ते कोणाच्या डोक्यात शिरायच्या आत मागून कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. मीही हसले. नोकऱ्या वाचल्या होत्या.

टाळ्या थांबल्या तेव्हा स्पीकरमधून आवाज आला. "अभिनंदन, नागपूर."

मार्ता होती. ती पहिल्यापासून कॉलवर होती, कॅमेरा बंद करून. आणि कॉलिननं तिला आधी काहीच सांगितलेलं नव्हतं. आपला डेस्क गेला हे तिलाही तेव्हाच कळलं होतं, आमच्या टाळ्यांसकट. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

केटीला भाऊंना बसवलं, सोबत मी. मार्तानं हातचं काही न राखता शिकवलं. कोणाची दोन आडनावं आहेत, कुठला सुपरवायझर रात्रपाळी कळवायला विसरतो, सगळं. एक दिवस भाऊंना राहवलं नाही. मोडक्या इंग्रजीत त्यांनी विचारलं, "तुम्ही कोणाला मत दिलं?"

"मला मतच नव्हतं," ती म्हणाली. "अकरा वर्षं इथे टॅक्स भरतेय. पण माझा पासपोर्ट पोलंडचा."

"असं कसं? माझा पुतण्या दोन वर्षांआधी तिथे नोकरीला गेला. पासपोर्ट भारताचा. त्यानं तर दिलं!"

मला वाटलं, भाऊंची ऐकण्यात गफलत झाली असेल. नव्हती झाली. इंग्रजांचं राज्य जिथे जिथे होतं, त्या कॉमनवेल्थ देशांच्या तिथे राहणाऱ्या नागरिकांना मत होतं. आम्हा भारतीयांनाही. पोलंडवाल्यांना नव्हतं. ज्यांच्याशी संसार मोडायचा होता, त्यांना विचारायचंच नव्हतं.

"त्यानं कोणाला दिलं?" मार्तानं विचारलं.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. माहीत नाही म्हणाले असते तरी चाललं असतं.

"लीव्ह," ते म्हणाले. "आय ओन्ली टोल्ड हिम." म्हणजे, मीच त्याला सांगितलं होतं.

मग ती म्हणाली, "पुढची स्क्रीन उघडा."

तिच्या शेवटच्या आठवड्यात तिचाच फायनल हिशेब आमच्याकडे आला. नोकरी सोडणाऱ्याचा उरलेला पगार आणि शिल्लक सुट्ट्यांचे पैसे. नियम तोच, काढणार आम्ही, तपासणार ती. भाऊंनी तो दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. मी पाठवून दिला.

दहा मिनिटांत परत आला. खाली एकच ओळ होती. 'सुट्टीचे दोन दिवस जास्त लागले आहेत. दुरुस्त करा.'

भाऊंच्या हातून हिशेब चुकलेला मी कधी पाहिला नव्हता. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते मान खाली घालून बसले होते.

"भाऊ?"

"करतो मॅडम दुरुस्त."

त्यांनी दोन दिवस कमी केले. मार्तानं ते अप्रूव्ह केलं आणि तिचा लॉगिन बंद झाला.

ते कॉन्ट्रॅक्ट पुढे चांगलं चाललं, आमची टीम वाढलीसुद्धा. माझा धडा साधा आहे. कुठलाही निर्णय कोणी वाचून दाखवायला लागलं की मी आधी विचारते, कॉलवर कोण कोण आहे. आणि मग विचारते, कोणाला बोलावलेलंच नाही.