आतलेमामांची एकच खरी बातमी

आतलेमामांचं खरं आडनाव बहुतेकांना माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांना त्याचा काही उपयोग नव्हता. कोणतीही बातमी सांगण्याआधी ते चहाचा ग्लास खाली ठेवत, मान दोन्हीकडे वळवून पाहत आणि आवाज उतरवून म्हणत, "आतली हाय." मग ती बातमी इतक्या गुप्तपणे सांगत, की रस्त्यापलीकडच्या गॅरेजात ट्रकखाली आडवा झालेला मेकॅनिक तिथूनच शंका विचारी.

बातम्यांचा विषय एकच : यंदा कोणता बॉलर कोणत्या गावाकडून खेळणार. आमच्याकडे भात कापून झालं की शेतांची मैदानं होतात आणि टेनिस बॉलचे सामने सुरू होतात. असोसिएशनचा नियम असा, की ज्याने त्याने आपल्याच गावाकडून खेळायचं. जावयाला मात्र सासुरवाडीची मुभा. साखरपुडा झालेलाही जावई धरतात. त्यामुळे संघनोंदणीची शेवटची तारीख जवळ आली, की कर्जत-खालापुरातले लग्नाच्या वयाचे सगळे फास्ट बॉलर एकदम देखणे दिसू लागतात. बॅट्समनलाही मुली सांगून येतात. पण त्यात घाई नसते.

त्या दिवसांत आमच्या चौक गावी रफीकभाईंच्या टपरीवर मामांचा दरबार भरे. पूर्वी कुठल्याशा सामन्यात त्यांनी एकदा स्कोअर लिहिला होता. तिथे मिळालेली टोपी ते अजून घालत आणि तिचा उल्लेख 'असोसिएशनमध्ये होतो तेव्हा' असा करत. रसायनीचा डावरा बॉलर त्यांनी सलग काही वर्षं आमच्या गावात आणला. तो कधी आला नाही. कुणी ते तोंडावर फेकलंच, तर मामा शांतपणे म्हणत, "बातमी खरीच व्हती. मानूस फिरला." जगात त्यांना फिरलेली माणसं फार भेटली.

मागच्या वर्षी मात्र मामा गप्प झाले. तारीख चार दिवसांवर आलेली, टपरी भरलेली, आणि मामा ग्लासात बघत बसलेले. कारण आम्हाला नंतर कळलं. त्यांच्या सुजाताला कशेळ्याकडचं स्थळ आलं होतं. मुलगा कंपनीत कायम, स्वभावाने सरळ आणि तालुक्यातला सगळ्यात वेगवान बॉलर. रसायनीला लॅबमध्ये नोकरी करणाऱ्या सुजाताने आधीची तीन स्थळं नाकारली होती. या खेपेस ती आईला फक्त "चालेल" म्हणाली, आणि त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात गुणगुणत होती म्हणे. मुलाच्या वडिलांची अट एकच होती. "नोंदनीची तारीख जाऊ द्या, मंग सुपारी फोडू. तवर भाईर बोलू नका. पोराला आमच्याच गावाकडनं खेळायचंय, आन् आमाला गावातच ऱ्हायचंय."

म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच मामांकडे खरोखरची आतली बातमी होती.

"मामा, बॅटरी उतरली काय?" भागवत रिक्षावाल्याने विचारलं.

"काय नाय रं."

"काय नाय कसं? तारीख आली आन् तुमी मुके? रफीकभाय, मामांचा चाय बंद करा. मामा संपले."

"संपले नाय, रिटायर झाले," रफीकभाई गाळणं झटकत म्हणाले. "असोसिएशनमंदीच व्हते ना पयले?"

टपरी हसली. मामांचा चेहरा लाल झाला. त्यांनी ग्लास खाली ठेवला. मान डावीकडे वळली, उजवीकडे वळली. माणूस अपमान गिळू शकतो. पण अपमान करणाऱ्याला गप्प करणारी वस्तू खिशात असेल, तर फार वेळ नाही.

"कशेळ्याचा फास्टर आपला झाला," मामा म्हणाले. "आतली हाय. माझाच जावई हाय."

मुलगा संघ बदलणार नव्हता. तेवढं मामांनी पदरचं घातलं. सवयच तशी.

कशेळ्याच्या जीपा आमच्या चौकवरूनच जातात. बातमी त्यातल्याच एकीत बसून गेली असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाचे वडील टपरीवर आले. बसले नाहीत.

"पाव्हनं, पोरगी द्यायची व्हती का बॉलर न्यायचा व्हता?"

"अवो, ते आपलं बोलन्यात बोलनं..."

"रातच्याला आमच्या दारात गाव जमलं व्हतं. पोराला गद्दार म्हनाले. तुमची पोरगी चांगली हाय. पन तुमी नाय."

ते निघून गेले. रफीकभाईंनी मामांपुढे चहा ठेवला. मामा आमच्याकडे वळून म्हणाले, "बातमी खरीच व्हती." पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. ते भागवतने पुरं केलं.

सामन्यात तो मुलगा आमच्याविरुद्ध उतरला, अर्थात आपल्याच गावाकडून. कॉमेंट्रीवाल्याला असं काही मिळालं की तो बॉलकडे बघत नाही. "बॉलिंगला येतायत चौकचे जावई... माफ करा मंडळी, जावई व्हता व्हता ऱ्हायलेले! मामा आलेत का? मामा, हात करा!" भोंगे चारी दिशांना लावलेले होते, त्यातला एक मामांच्या आळीकडे. सुजाता त्या दिवशी सुट्टीवर घरीच होती.

आणि मामांनी हात केला. माइकवर नाव आलं की हात करायचा, एवढीच त्यांची सवय. टोपीही जरा वर उचलली. मुलाने त्या ओव्हरमध्ये आमचे तीन गडी काढले. एकदाही त्याने प्रेक्षकांकडे पाहिलं नाही.

यंदा नोंदणीच्या दिवसांतच रफीकभाईंनी साखर ढवळता ढवळता सहज विचारलं, "मामा, सुजाताचं जमलं म्हनं? लॅबमधलाच पोरगा. लग्नाची तारीख पन निगाली." हे रफीकभाईंच्या बायकोला सुजाताच्या आईनेच सांगितलं होतं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दारात मांडव उभा राहीपर्यंत घरातल्या फक्त एका माणसाला सांगायचं नाही, एवढीच सुजाताची अट होती.

मामांनी ग्लास खाली ठेवला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि आवाज उतरवून म्हणाले, "कुनाला बोलू नका. आतली हाय."

आधी भागवत हसला, मग सगळी टपरी. मामाही हसले, जरा उशिराने. मग टोपी काढून त्यांनी रफीकभाईंना विचारलं, "पोरगा कुठला रं?"