गंजीत संपलेली शर्यत

गाडी पेंढ्याच्या गंजीत शिरली होती, हॉर्न वाजत होता आणि मी अजून जिंकल्याच्या आनंदात होते. काचेबाहेर काही दिसत नव्हतं. मला वाटलं, एवढी धूळ उडाली म्हणजे वेळ चांगलाच कमी लागला असणार.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी आधी शंभर मीटर धावायचे. गुडघा गेला, तेव्हा मुंबईच्या टीव्हीवर खेळांचा कार्यक्रम मिळाला. पुढे ह्यांची गाडी घेऊन शर्यतीत उतरू लागले. बसून धावता येतं म्हटल्यावर मला कोण आवरणार?

त्या दिवशी टाकव्याजवळ, भात काढून रिकाम्या झालेल्या खाचरांत ऑटोक्रॉस होती. म्हणजे शेतात आखलेल्या वाटेवर एकेक गाडी पळवायची, दोन फेऱ्या, चांगली असेल ती धरायची. आमचे प्रोड्यूसर कॅमेरामन शिंदेंना घेऊन आले होते. प्रोड्यूसरना कार्यक्रमात माझ्या जागी एक निवृत्त क्रिकेटपटू आणायचा होता.

"बाई, एक तरी फेरी नियमात पूर्ण करा. नाहीतर पुढच्या महिन्यापासून कार्यक्रम त्यांचा."

"पूर्ण? मी पहिली येते."

नियम असा, की शेवटच्या रेषेवर गाडी थांबवायची. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, रेषा मधोमध. हा कागद मी वाचलाही होता. पण माझ्या कोचनी वर्षानुवर्षं घोकून घेतलेलं वेगळंच : फितीपाशी वेग कमी करायचा नाही आणि छाती पुढे टाकायची. रेषा दिसली. मी ॲक्सिलरेटर दाबला, छाती पुढे टाकली, ती हॉर्नवर पडली. मग बांध, मग गंजी.

शेताचे मालक आबा कमरेवर हात ठेवून पाहत होते.

"ताई, थांबायचं कुणी शिकवलंच न्हाई व्हय?"

"नाही ना आबा. उलटंच शिकवलं."

"बैल आणतो. त्यांचाच चारा हाय, तेच वढतील."

बैलांनी गाडी ओढली. मधेच उभे राहून बंपरवरचा पेंढाही खाल्ला. पंचांनी फेरी बाद केली.

दुसऱ्या फेरीत रेषा दिसताच मी पाठ सीटला घट्ट टेकवली, मान मागे ओढली आणि ब्रेकवर जवळजवळ उभीच राहिले. गाडी घसरत गेली, थांबली. पंच वाकले, चाकं पाहिली, हिरवा झेंडा वर केला. तिसरा नंबर! मी धावत कॅमेऱ्याकडे गेले.

"शिंदे, घेतलंत ना?"

"रीळ संपलं, मॅडम."

"कधी?"

"बैल चरत होते तेव्हा. फार सुंदर चरत होते."

प्रोड्यूसरनी कपाळाला हात लावला. "टीव्हीवर झेंडा सांगून चालतो का? आता दाखवायचं काय?"

होतं तेच दाखवलं. गंजी, बैल, आणि पेंढा डोक्यात घेऊन बाहेर येणारी मी. दुसऱ्या दिवशी वरच्या साहेबांनी प्रोड्यूसरना बोलावून हसत हसत विचारलं, "ही बाई दर आठवड्याला असते ना?"

"असते," प्रोड्यूसर म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

कार्यक्रम पुढे बरीच वर्षं माझ्याकडेच राहिला. तिसऱ्या नंबराबद्दल मला आजवर कुणी विचारलेलं नाही. तेव्हा नव्या मुलींना मी एवढंच सांगते : नियम पाळाच, पण कॅमेऱ्यात रीळ आहे का ते आधी बघा.