हालु आणि हाळु

माझे थोरले दीर कर्नाटकात, आळंदला राहायला होते. ते अचानक गेले, आणि दोन वर्षांत जाऊबाईही आजारपणात गेल्या. मागं राहिली त्यांची सहा वर्षांची लेक. यांनी जाऊन तिला अणदूरला आणलं. हातात कपड्यांची एक पिशवी, गळ्यात इष्टलिंगाची छोटी चांदीची डबी. उंबऱ्यात उभी राहून ती माझ्याकडं बघत राहिली.

माझं माहेर वाशीचं, तिथं मराठीशिवाय दुसरं काही कानावर पडलं नाही. पोरीला कन्नडशिवाय काही येत नव्हतं. यांना दोन्ही येतात, पण यांचा टेम्पो सकाळी सोलापूरला जातो तो संध्याकाळी परततो. दिवसभर घरात आम्ही दोघीच, आणि पुढच्या खोलीत माझं किराणा दुकान. आम्हाला लेकरू नव्हतं. लेकराशी कसं बोलावं हे मला मराठीतसुद्धा ठाऊक नव्हतं.

पहिले चार-पाच दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. ताट पुढं केलं तर मान हलवायची. रात्री यांच्या हातून तेवढं जेवायची. मला वाईट वाटायचं, पण तिचा राग यायचा नाही. मग एका संध्याकाळी मी यांच्याकडून चार शब्द पाठ करून घेतले. हालु म्हणजे दूध, कुडी म्हणजे पी.

सकाळी पेला भरला, तिच्यासमोर बसले आणि मोठ्या ऐटीत म्हणाले, "हाळु कुडी."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग पेल्यात वाकून बघितलं. आणि हसायला लागली ती पोट धरून खालीच बसली. मला काही कळेना, पण तिला हसताना बघून मीही हसत सुटले. शेवटी तिनं माझी हनुवटी धरली, स्वतःची जीभ दातांना लावून दाखवली आणि सावकाश म्हणाली, "हालु." मी म्हणाले, "हालु." मग तिनं गटागटा दूध पिऊन टाकलं. यांनी संध्याकाळी सांगितलं, हाळु म्हणजे नासलेलं, वाया गेलेलं. मी पोरीला नासकं पी म्हणून आग्रह करत होते.

त्या दिवसापासून ती मला चिक्कम्मा म्हणायला लागली. त्यांच्यात धाकट्या चुलतीला तसंच म्हणतात.

मराठी ती दुकानात शिकली. गिऱ्हाईक बोलेल ते टिपून घ्यायची. त्यामुळं तिची पहिली वाक्यं सगळी दुकानातली होती. भाजी जास्त वाढली की म्हणायची, "एवढं नको, पाव किलोच द्या." रविवारी खंडोबाच्या देवळात गेलो, तर येळकोट ऐकताच ती माझ्या खांद्यावरून ओरडली, "एळुकोटी!" आणि मला पटवून दिलं की तो शब्द मुळात त्यांचाच आहे, कन्नडमध्ये एळु म्हणजे सात.

अंगणवाडीच्या ताईंनी आम्हाला सांगितलं, आईबाप नसलेली लेकरं नातेवाइकांकडं वाढतात, त्यांच्यासाठी सरकारची बालसंगोपन योजना आहे, अर्ज करा. केला. मग धाराशिवहून एक मॅडम घर बघायला आल्या. घर छोटं, मी जेमतेम दहावी. त्यांना वाटलं की पोर इथं नीट नाही, तर?

मॅडमनी मला बाहेर थांबायला सांगितलं आणि पोरीशी एकटीशी बोलल्या. दार उघडंच होतं. इथं आवडतं का, असं त्यांनी विचारलं. "लई," ती म्हणाली. मग तुझी काळजी कोण घेतं, असं विचारलं.

"चिक्कम्मा घेते. पण तिला कन्नड येत न्हाय. मी शिकवते तिला, रोज. हळूहळू येईल."

मॅडम हसल्या. मला आत बोलावलं आणि 'नाते' असं लिहिलेल्या रकान्यासमोर पेन थांबवून म्हणाल्या, "चिक्कम्मा कसं लिहायचं?" पोरीनं त्यांच्या शेजारी बसून एकेक अक्षर सांगितलं. जोडाक्षराला अडली, तिथं मी मदत केली.

मंजुरीचं पत्र आलं त्या आठवड्यात यांनी सोलापूरहून जुनी सायकल आणली, टेम्पोत मालाच्या पोत्यांवर आडवी टाकून. शाळेच्या मैदानावर मी सीट धरून पळायची, ती पायडल मारायची, आणि आम्हा दोघींच्या मधेमधे गल्लीतली कुत्री. तिसऱ्या दिवशी मी दमून हात सोडला, ती पुढं गेलीच. वळणावर पडली, उठली, चड्डीला हात पुसून परत बसली.

आता ती तिसरीत आहे. सकाळी शेजारची मैत्रीण मागं बसते, दोघींची दप्तरं पुढच्या टोपलीत, आणि दुकानावरून जाताना घंटी इतकी वाजवते की गिऱ्हाईक बोलायचं थांबतं.