भाऊजींची खरखरपेटी

भाऊजी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी गिरणीत होतो. हातातलं दळण पुरं केलं, मगच निघालो. लोकांनी नावं ठेवली. ठेवोत! अक्काचा नवरा असला म्हणून काय झालं, या माणसाने माझी गिरणी बुडवायचंच तेवढं बाकी ठेवलं होतं.

लढाईच्या दिवसांत जऊळक्यात एकच रेडिओ, भाऊजींचा. संध्याकाळी ते तो चावडीवर आणून ठेवत आणि बातम्या लागल्या की नेमकी खरखर सुरू. ही कुणाच्या यंत्राची, हे शोधायला त्यांनी घरीच पेटी केली... लाकडी चौकट, तिच्यावर तांब्याच्या तारेचे वेढे, खाली एक काटा. चौकट फिरवायची, जिकडे रोख असताना काटा सगळ्यात वर चढेल, तिकडे चोर. पेटी पारखायला ते ठिणग्या पाडणारी विजेची घंटी वाजवत आणि काटा थांबेल तिथे पेटीवर चुन्याची रेघ ओढत. घंटी टांगायची नेहमी गिरणीच्याच बाजूला. पाठीमागे एकदा तरी टांगून पाहायची होती, पण त्यांना कोण सांगणार!

एका संध्याकाळी चावडीवर पंचांसमोर काटा चढला. रोख माझ्या गिरणीकडे. भाऊजींनी पेटीवर खडूने माझं नावच लिहिलं.

"भाऊजी, माह्यं इंजन क्रूड तेलाचं हाय. त्यात ठिणगीच नाही, तं खरखर कुठून येईन?"

"मले काहून इचारून राह्यला, नामदेव? पेटीले इचार."

बातम्यांच्या वेळी गिरणी बंद, असा हुकूम झाला. नेमका त्या दिवसांत वारा पडला आणि खरखरही थांबली; झालं, दोष माझ्या माथी पक्का! शेतातून परतणाऱ्या बाया त्याच वेळी दळण आणायच्या. त्या दुसरीकडे वळल्या. गिरणी विकायची बोलणी सुरू झाली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे शहाणे ते आणि बैल माझा रिकामा!

मग पोळा आला. त्या दिवशी बैलांबरोबर इंजनालाही सुट्टी. धुऊन, हार घालून बसवलेलं. संध्याकाळी वारा सुटला आणि रेडिओ कधी नव्हे एवढा खरखरला. सगळं गाव भाऊजींकडे बघू लागलं. त्यांनी पेटी उचलली, बाजूच्या शेतात जाऊन चौकट फिरवली. रोख त्यांच्याच घराकडे! छपरावर रेडिओची बॅटरी भरायला त्यांनी वाऱ्यावर फिरणारा पंखा बसवला होता, ठिणग्या त्याच्या डायनामोत. चौकटीला पुढचं-मागचं कळतच नव्हतं, आणि चावडीच्या एका अंगाला माझी गिरणी, दुसऱ्या अंगाला बरोब्बर त्यांचं घर. चावडीवरून दोन्ही एकाच रेषेत, शेतातून नाही.

पंखा उतरला, गिरणी वाचली. पण 'चुकलं' हा एक शब्द त्या माणसाच्या तोंडून मरेपर्यंत निघाला नाही. सणावारी समोर बसून माझ्याशी पाऊसपाण्याचं बोलायचे. मला संताप यायचा... अजून येतो.

तेराव्याला अक्काने पेटी माझ्यापुढे ठेवली. "तूच ने. दुसऱ्या कोनाच्या हाती गेलेली त्यायले चालली नसती."

खडूचं नाव तसंच होतं. एवढं तरी पुसून जायचं होतं! गिरणीत आणून मी पेटीला नवी बॅटरी जोडली, घंटी वाजवली. काटा चुन्याच्या रेघेवर आला. मग घंटी बंद केली, काटा खाली आला, तेव्हा इंजन सुरू केलं. काटा जागचा हलला नाही.

"पाहा भाऊजी, पाहा!" मी ओरडलो. दळणाला आलेली बाई दचकली.

नाव पुसायला ओलं फडकं हातात घेतलं होतं. ते तसंच खाली ठेवलं. नाव पुसलं तर आता भांडू कोणाशी?