थिनरनं पुसलेला चष्मा

"पुसला तर पुसला! त्यात एवढं काय आभाळ कोसळलं?"

"कशानं पुसलास, ते सांग आधी."

"थिनरनं. लेथचं तेल नुसत्या पाण्यानं जातं होय, बाबा?"

बाबांनी लेकीचा कामावरचा चष्मा खिडकीशी तिरका धरला. काच लख्ख होती. काच म्हणायची आपली सवय. होतं ते पॉलिकार्बोनेट, हातोडीलाही दाद न देणारं प्लास्टिक. सव्वीस वर्षं त्यांनी कारखान्यात असलेच चष्मे साच्यातून काढले होते. प्लास्टिकचे दाणे यंत्रात घालण्याआधी गरम हवेत चार तास वाळवायचे. ओल राहिली तर चष्मा दिसायला देखणा, पण कामाचा नाही. साहेबांनी कितीही आरडाओरडा केला तरी चार तास म्हणजे चार तास. सगळे त्यांना वाळवणकाका म्हणत.

"काय वाळवणकाका, आज ऊन बरं आहे ना?" कुणी चिडवायचं.

"तुझ्या डोळ्यांपुरतं आहे!"

आता ते घरी बसले होते आणि लेक लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर, उभी राहत होती.

"ही बघ, स्क्रूपाशी. केसाएवढी रेघ."

"मला नाही दिसत."

"म्हणून तर सांगतोय! थिनर लागला की हे तडकत जातं."

"दोन महिने तसाच पुसतेय. काही झालं? तुम्ही रिटायर झालात, पण तुमची तपासणी काही रिटायर होत नाही. द्या इकडे, कामाला उशीर होतोय मला."

बाबांनी चष्मा दिला नाही. फरशीवर ठेवला, वर फडकं टाकलं आणि हातोडीचा एकच ठोका घातला. फडकं उचललं, तर काचेचे दोन तुकडे.

लेकीनं वाकून एक तुकडा उचलला.

जिंकल्याचा आनंद बाबांना झालाच नाही. लहानपणी तिच्या डोळ्यात कचरा गेला की ते फुंकर घालायचे. लेथवरून उडालेल्या लोखंडाच्या किसाला फुंकर पुरणार नव्हती.

त्यांनी कपाटातून नवा चष्मा काढला, तिच्या डोळ्यांवर चढवला, कानामागची दांडी नीट बसवली.

"साबणाचं पाणी आणि मऊ फडकं. बाकी काही लावायचं नाही. कळलं ना, बाळा?"

लेकीनं डबा उचलला. ती जिना उतरली आणि भर रस्त्यानं तो चष्मा डोळ्यांवर तसाच ठेवून चालू लागली.