सूर्यभानचं पात कापायचं यंत्र

कोल्हारच्या सूर्यभानचं वेल्डिंगचं दुकान वडिलांपासूनचं. त्याच्या कामाचं कुणी कौतुक केलं की तो मान खाली घालून पान्हा शोधत बसतो. मी त्याचा शाळामास्तर; माझ्या वर्गात होता तेव्हाही उत्तर येत असून हात वर करत नसे. शेजारी बसणारा आदिनाथ त्याचं उत्तर ऐकून हात वर करी. मला ते कळायचं. मी हसून सोडून देत असे.

कांदाकाढणीत बायका विळ्याने पात कापतात. सत्यशीलाचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, बोट दोनदा कापलं, तेव्हा त्याने पायाने चालणारं यंत्र करायला घेतलं. तीन हंगाम गेले. अखेर उलटसुलट फिरणाऱ्या दोन रुळांमध्ये पात ओढली जाऊन नेमकी कापली जाऊ लागली.

दुकानाची रीत अशी की नव्या अवजाराला नारळ फोडायचा आणि दिवसभर ते रस्त्याकडेला उघडं ठेवायचं. ज्याला माप घ्यायचं त्याने घ्यावं. पन्नासेक माणसं आली. सत्यशीलाने मोबाईलवर सगळं टिपलं. अवजारांचं दुकान चालवणाऱ्या आदिनाथने टेप लावला, तेव्हा दुसरं टोक सूर्यभाननेच धरलं.

दोन वर्षांनी आदिनाथ सूर्यभानच्या दुकानात आला.

"सूर्या, हे बनवायचं बंद कर. माझा पेटंटचा अर्ज सरकारी पत्रिकेत छापून आलाय."

"तुजा? यंत्र तर माजं हाय."

"तू केलंस, पर कागद म्या केला. फारम भरायलाबी अक्कल लागती, मर्दा."

सूर्यभान आणि मी नगरला अश्विनी वकिलांकडे गेलो. त्या म्हणाल्या, "पेटंट हा सरकारशी केलेला सौदा आहे, काका. आपली युक्ती पूर्ण उघड करून सांगायची, त्याबदल्यात वीस वर्षं दुसऱ्याला ती वापरू द्यायची नाही. इंग्रजांनी १८५६ साली पहिला कायदा आणला, आजचा १९७० चा. पण युक्ती नवी हवी, ही अट जुनीच. काकूंच्या व्हिडिओने आदिनाथचा अर्ज पडेल."

"मंग मला मिळंल?"

"नाही. अर्जाआधी तुम्हीच ती रस्त्यावर दाखवलीत. तो व्हिडिओ तुमचीही वाट बंद करतो."

आम्ही वकिलांकडे गेल्याचं आदिनाथला कळलं होतं; जिना उतरलो तोच त्याचा फोन आला. "व्हिडिओ पुसून टाक. अर्जात तुजं नाव बी जोडतो. दोघांचं हुईल."

"पयलं नाव कुणाचं?"

आदिनाथ फॉर्मच्या खर्चाचं बोलू लागला. सूर्यभानने फोन ठेवला आणि परत जिना चढून आदिनाथविरुद्धच्या हरकतीच्या अर्जावर सही केली.

आदिनाथचा अर्ज फेटाळला गेला. आता ते यंत्र कुणीही बनवू शकतो. आदिनाथही दुसऱ्याकडून बनवून घेतो, त्यावर लाल रंगात स्वतःचं नाव लिहून विकतो. त्याला अडवणारा कायदा नाही.

"तुमीबी लिवा की नाव," सत्यशीला परवा म्हणाली. "सगळ्या गावाला ठावं हाय कुणाचं हाय ते."

"आदिनाथला बी ठावं हाय," सूर्यभान म्हणाला. "सगळ्यात आदी त्यालाच ठावं हुतं, शाळेत असायचं तसं."